सही जुळत नाही

वीस वर्षं आमच्या शाखेत येणाऱ्या पेन्शनरला "काका, सही जुळत नाही" असं सांगण्याचं पुण्यकर्म मी रोज करतो. त्याचं फळ याच जन्मी मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत सिनेमे दाखवणारी नवी पेटी घेतली. वर्गणी आगाऊ भरली. चिरंजिवांचा जुना मॉनिटर ठणठणीत होता, त्याला वायर जोडली. सौ. चिवडा घेऊन बसली. पडदा काळाच! प्रसंग रात्रीचा असेल म्हणून आम्ही पाच मिनिटं वाट पाहिली. मग चिरंजीव म्हणाले, "बाबा, या मॉनिटरला एचडीसीपी नाही."

एचडीसीपी हे इंटेल कंपनीने काढलेलं कुलूप. चित्र वायरीत सोडण्यापूर्वी पेटी पलीकडच्या टीव्हीला विचारते, "आपण कोण?" पहिल्या आवृत्तीत प्रत्येक परवानाधारक यंत्राकडे ५६ बिटांच्या ४० गुप्त किल्ल्या असत. दोघांचा हिशेब जुळला तरच चित्र पुढे. वाटेत कोणी नक्कल काढू नये, एवढाच हेतू. तो वाईट नाही. सिनेमावाल्यालाही पोट आहे.

पण बँकवाला पहिला प्रश्न विचारणार, किल्ली बाहेर गेली तर? तर गेलीच! ज्या मूळ किल्लीवरून सगळ्या किल्ल्या काढायच्या, तीच सप्टेंबर २०१० मध्ये जगजाहीर झाली. इंटेलनेही ती खरी असल्याचं मान्य केलं. आमच्याकडे स्ट्राँगरूमची किल्ली हरवली तर कुलूप बदलतात (आणि मॅनेजरही). इथे कुलूप घरोघरच्या टीव्हीत, बदलणार कोण? पुढे ४के चित्रांसाठी २.२ ही नवी आवृत्ती आली, तेव्हा महागामोलाने घेतलेले सुरुवातीचे काही ४के टीव्हीच तिला परके ठरले.

चोराला यातलं काहीच सोसावं लागत नाही. त्याच्या नकलेला कुलूपच नसतं. ती आमच्या मॉनिटरवरही झकास दिसली असती. सही जुळवत बसायचं ते पैसे भरणाऱ्याने. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दिवाळीनंतर पेन्शनर काका आले. सही वाकडीच. मी त्यांना खुर्ची दिली, पासबुकावरचा फोटो पाहिला, चेहरा पाहिला आणि समोर पुन्हा सही घेतली. जुळली. माणसाला एवढं तरी करता येतं. त्या पेटीपुढे मी चेहरा घेऊन अर्धा तास बसलो होतो; तिने ओळख दाखवली नाही.