चंदेरी जाळीमागचा गळा

जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींवर एक वस्तू आता हमखास दिसते. पट्ट्यापट्ट्यांची चकचकीत जाळी, गोलसर खांदे आणि खाली जाड दांडी, अशी ती जुन्या धाटणीच्या माईकची आकृती. कार्यक्रम भावगीतांचा असो, नाट्यपदांचा असो की हिंदी चित्रपटगीतांचा. ‘जुने’ हा शब्द चित्रात सांगायचा झाला की हीच आकृती काढली जाते. ती केवळ कागदावर राहिलेली नाही. रंगमंचाच्या मधोमध उभा केलेला असा माईक, त्यावर पिवळसर प्रकाशझोत आणि मागे गायिका, हे दृश्य आपल्या चांगले परिचयाचे झाले आहे.

गायनाच्या समीक्षेत मात्र या वस्तूला स्थान नाही. आपण सुरांबद्दल लिहितो, लयीबद्दल, शब्दोच्चारांबद्दल, भावाबद्दल लिहितो. शेवटच्या रांगेतल्या श्रोत्यापर्यंत पोहोचणारा प्रत्येक सूर एका यंत्रातून गाळून आलेला असतो, याचा उल्लेख ‘ध्वनिव्यवस्था उत्तम होती’ किंवा ‘माईकने त्रास दिला’ एवढ्या एका वाक्यात उरकतो. माईकची निवड हा गायनाच्याच अंतर्गत घेतलेला कलात्मक निर्णय असतो आणि म्हणून तो समीक्षेच्या कक्षेत येतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. जुन्या धाटणीचा माईक हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण ठरते, कारण या माईकची निवड बहुधा कानाने न होता डोळ्याने होते.

भविष्यकाळाची वस्तू

आज भूतकाळाचे प्रतीक झालेली ही आकृती मुळात कुठून आली? शिकागोच्या शूर ब्रदर्स या कंपनीने १९३९ साली ‘युनिडाइन ५५’ हा माईक बाजारात आणला. त्यामागचे डोके बेंजामिन बाऊर या तरुण अभियंत्याचे होते. समोरचा आवाज घ्यायचा आणि मागचा टाळायचा, हे त्या काळच्या माईकना जमत नव्हते असे नाही. पण त्यासाठी एकाच कवचात दोन वेगवेगळे ग्राहक भाग बसवावे लागत. साहजिकच माईक बोजड आणि महाग होई. बाऊर यांनी एकाच ग्राहकावर हे काम करून दाखवले. मागून येणाऱ्या ध्वनीला पडद्याच्या पाठीमागे जायला एक वाट ठेवायची आणि त्या वाटेवर त्याला इतकाच विलंब घडवायचा, की तो पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी पोहोचावा. दोन्हीकडून सारखाच दाब आला की पडदा हलत नाही आणि मागचा आवाज आपोआप विरतो. या माईकचे ग्रहणक्षेत्र कागदावर काढले तर हृदयाच्या आकाराचे दिसते, म्हणून त्याला हृदयाकार म्हणतात.

या तांत्रिक तपशिलाला सांस्कृतिक अर्थ आहे. सभागृहातला गोंगाट, मागचा वाद्यवृंद आणि कर्ण्यातून परत येणारा आवाज यांतून एका माणसाचा गळा वेगळा काढणे, हे या यंत्राचे काम होते. त्याचे बाह्यरूपही तसेच होते. त्या काळच्या अमेरिकी मोटारगाड्यांच्या पुढच्या जाळीची आठवण करून देणारे ते कवच वेगाचे आणि नवेपणाचे सौंदर्य मिरवत होते. १९३९ सालच्या माणसाला त्या माईककडे पाहून जुन्या दिवसांची हुरहूर वाटली नसणार. त्याला उद्याची चाहूल लागली असेल.

१९५१ मध्ये याच माईकची लहान आवृत्ती आली आणि आज जी आकृती सर्वत्र दिसते ती बहुतांशी या लहान आवृत्तीचीच आहे. तरुण एल्विस प्रेस्लीच्या छायाचित्रांनी ती अमर केली. पुढे १९६६ साली त्याच कंपनीचा, गोल जाळीचे डोके असलेला ‘एसएम ५८’ आला. हातात धरता येणारा, आपटला तरी चालणारा, तोंडाजवळ नेता येणारा. जगभरच्या रंगमंचांवर तो सर्वमान्य झाला आणि पट्ट्यांचा माईक हळूहळू कामातून निवृत्त होऊन चित्रात गेला. वस्तू उपयोगातून सुटली की प्रतीक व्हायला मोकळी होते. कंदील, जाते, टांगा यांचे आपल्याकडे जे झाले तेच याचेही झाले.

जवळीक कोणी दिली?

विजेच्या माईकपूर्वीचा गळा वेगळ्या कामासाठी घडलेला असे. संगीत नाटकाच्या नटाला शेवटच्या ओळीतल्या प्रेक्षकापर्यंत स्वतःच्या छातीच्या बळावर पोहोचावे लागे. केशवराव भोसले यांच्या उंच पट्टीच्या, धारदार आवाजाची जी ख्याती झाली, तिच्यामागे कलेइतकीच ही गरजही होती. १९२१ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ध्वनिमुद्रणसुद्धा कर्ण्यात गाऊनच होत होते. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ साली आले आणि गळ्याचे अर्थशास्त्रच पालटले. जो खर्च फुफ्फुसांनी करायचा तो यंत्र करू लागले आणि गायकाकडे शिल्लक राहिलेली ताकद कुजबुजीत, श्वासात, शब्दाच्या कडेवर खर्च करता येऊ लागली.

अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांनी या शक्यतेतून ‘क्रूनिंग’ नावाची गुणगुणती शैली रूढ केली. ती समाजाच्या एका वर्गाला इतकी खटकली, की बोस्टनचे कार्डिनल विल्यम ओ’कॉनेल यांनी १९३२ साली तिचा जाहीर निषेध केला. परक्या पुरुषाने हजारो घरांत, प्रत्येकाच्या कानाशी येऊन हळूच गावे, यातले धाडस त्यांना नेमके कळले होते. माईकने केवळ आवाज मोठा केला नाही. त्याने लहान आवाजाला सार्वजनिक होण्याचा परवाना दिला.

मराठीत हे धाडस भावगीताने केले. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. पुढच्या दशकात जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकांनी भावगीत हा प्रकार लोकांच्या ओळखीचा केला आणि गजानन वाटवे यांनी तो सार्वजनिक कार्यक्रमांतून गावोगाव नेला. तान-पलट्यांपेक्षा शब्दाला महत्त्व देणारे, एका माणसाने एका माणसाला सांगावे तसे हे गाणे होते. ते मोठ्या जमावापुढे गाता येणे माईकशिवाय शक्य नव्हते. गीतरामायणाचे उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ती ५६ गीतांची मालिका जन्मली तीच माईकसमोर, आणि नंतर सुधीर फडके यांच्या गळ्यातून रंगमंचावर आली. शब्द न् शब्द ऐकू यायला हवा, ही ग. दि. माडगूळकरांच्या रचनेची अट त्या यंत्राने पुरी केली.

तेव्हा जुन्या मराठी गाण्यांच्या कार्यक्रमात माईकला मानाचे स्थान द्यावे, यात मुळीच काही गैर नाही. ती गाणी खरोखरच माईकची लेकरे आहेत. प्रश्न एवढाच, की आपण मान माईकच्या कामाला देतो की त्याच्या कवचाला?

इथे कोणी म्हणेल, की ही आकृती अमेरिकी, एल्विसच्या आठवणीची. तिचा आपल्या भावगीताशी काय संबंध? हा आक्षेप मला पुरेसा वाटत नाही. संवादिनीही युरोपातूनच आली. १९४० साली नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. तरी संवादिनी आपली झालीच. ती आपली झाली ती तिच्या भात्यातून आपले सूर निघाले म्हणून. उसनी वस्तू आवाजाने आपली होते, रूपाने होत नाही. चंदेरी माईकलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

कसोटीला लावताना

आज जुन्या रूपात मिळणाऱ्या माईकचे दोन ठळक नमुने त्याच घराण्यातले आहेत. ‘५५ एसएच सिरीज २’ हा हृदयाकार क्षेत्राचा, ५० ते १५,००० हर्ट्झ पट्ट्यातला आणि चालू-बंद करण्याची कळ असलेला. दुसरा ‘सुपर ५५’. त्याच्या जाळीआड निळा फोम दिसतो, पट्टा ६० ते १७,००० हर्ट्झ आणि क्षेत्र अधिक निमुळते. दोघांचेही कवच जुने, आतला ग्राहक नवा. म्हणजे ‘जुना आवाज मिळेल’ ही अपेक्षा इथेच गळून पडते. मिळतो तो आजचा आवाज, जुन्या अंगरख्यात.

आकड्यांपेक्षा ग्रहणक्षेत्राचा फरक रंगमंचावर जास्त जाणवतो. हृदयाकार माईक नेमका पाठीमागून येणाऱ्या आवाजाला सर्वांत बहिरा असतो. निमुळत्या क्षेत्राचा माईक पाठीमागचे थोडे ऐकतो. त्याची बहिरी जागा मागच्या दोन कोपऱ्यांकडे, समोरच्या दिशेपासून सुमारे १२५ अंशांवर असते. गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा मॉनिटर कुठे ठेवायचा, हे यावरून ठरते. पहिल्या प्रकारात तो माईकच्या थेट मागे हवा, दुसऱ्यात जरा बाजूंना. हा विचार न करता केवळ माईक बदलला, तर शिट्टी वाजू लागते, ध्वनिसंयोजक मॉनिटर खाली ओढतो, गायिकेला स्वतःचे ऐकू येईनासे होते आणि ती नकळत आवाज चढवते. हळुवार ओळ ओरडून म्हटली जाते. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात ‘आवाज किंचित चढा लागला’ असे छापून येते आणि दोष गळ्याच्या नावावर जमा होतो. माझ्या मते समीक्षेने माईककडे पाहायला हवे ते या अन्यायासाठी.

दुसरी कसोटी भाषेची. मराठीत भ, फ, घ, ध ही महाप्राण व्यंजने भरपूर आहेत. फ किंवा भ उच्चारताना ओठांतून सुटणारा हवेचा झोत जवळच्या माईकवर आदळला की ‘भप्प’ असा धक्का बसतो. शिवाय दिशा पाळणारा कोणताही माईक ओठांजवळ आला की खर्जाचा भाग फुगवतो. पुरुषी आवाजाला हे भरदार वाटते, पण शब्दाची कड बुजते. उलट वरच्या पट्टीतला उठाव स, श आणि ‘चांदणे’तल्या दंततालव्य च ला बोचरी धार आणतो. म्हणून चार बोटांचे अंतर ठेवून, तोंड किंचित तिरके धरून गाणे हा या माईकचा शिष्टाचार आहे. जाळीला ओठ लावून गाण्याची सवय असलेल्या गायकाने तो निवडू नये.

तिसरी कसोटी देहाची. हा माईक जड आहे आणि हातात धरण्यासाठी घडलेलाच नाही. त्याला स्टँड हवा. बैठकीत, मांडी घालून, पुढ्यात संवादिनी घेऊन गाणाऱ्यासाठी तो लांब आडव्या दांडीवर लावला तर दांडी झुकते. लावणीत किंवा अभिनयाने खुलणाऱ्या नाट्यपदात तर तो सरळ आड येतो. त्याचे रुंद डोके ओठ आणि हनुवटी झाकते आणि गायिकेला एका जागी खिळवते. जिथे मान, नजर आणि पावले अर्थाचा अर्धा भाग सांगतात, तिथे ही अडवणूक परवडणारी नाही.

पण हाच दोष दुसऱ्या गाण्यात गुण होतो. भावगीत गाणाऱ्याला हा माईक स्थिर करतो. हात मोकळे राहतात, माईक या हातातून त्या हातात नाचवण्याची खोड थांबते, अंतर सांभाळायचे म्हणून श्वासाचा हिशेब आपोआप नीट होतो. दोन कडव्यांमधली शांतता गायकाला उभ्याउभ्या सोसावी लागते आणि श्रोत्यांनाही. शब्दप्रधान गाण्याला ही शिस्त मानवते. ज्या कार्यक्रमात असे घडते तिथे चंदेरी जाळी शोभेची राहत नाही. ती गाण्याच्या रचनेत सामील होते.

निवड कशी करावी, याचे उत्तर त्यामुळे साधे आहे. तालमीत तेच कडवे, त्याच गळ्याने, आधी नेहमीच्या माईकवर आणि मग जुन्या धाटणीच्या माईकवर म्हणावे. ऐकणाऱ्याने पाठ फिरवून बसावे. कोणता माईक चालू आहे हे त्याला सांगू नये. पाठमोऱ्या श्रोत्याला दुसऱ्या वेळी शब्द अधिक जवळ आला असे वाटले, तर तो माईक घ्यावा. वाटले नाही, तर चित्र जाहिरातीवर राहू द्यावे आणि रंगमंचावर गाण्याला सोयीचे यंत्र ठेवावे.

आठवण कशाची?

यामागे एक मोठा प्रश्न आहे. आपल्याकडे जुन्या गाण्यांचे कार्यक्रम ही आता सांस्कृतिक स्मृतीची एक संस्थाच झाली आहे. नव्या पिढीला भावगीत पहिल्यांदा भेटते ते बहुतेक वेळा अशाच कार्यक्रमात. तिथे भूतकाळ म्हणजे पिवळा प्रकाश, नक्षीदार खुर्ची आणि चकाकता माईक असे समीकरण रुजले, तर त्या गाण्यांमागचा मूळ पराक्रम झाकला जाईल. जी. एन. जोशींच्या किंवा वाटव्यांच्या पिढीने जुने काही जपण्यासाठी माईक हाती घेतला नव्हता. त्यांनी आपल्या काळातले सर्वांत नवे यंत्र घेतले आणि मराठी माणसाने तोवर चारचौघांत उच्चारले नव्हते असे काही हळू आवाजात उच्चारले. त्यांचा वारसा तो हळू आवाज आहे.

त्या आवाजाशी इमान राखायचे तर कधी जुन्या रूपाचा माईक उपयोगी पडेल, कधी अगदी साधा, काळा, कोणाच्या लक्षातही न येणारा. परीक्षणे लिहिणाऱ्यांनी यापुढे गायिकेचा सूर ऐकताना तो कशातून गाळून आला, मॉनिटर कुठे होता, ओठ आणि जाळी यांत अंतर किती होते, हेही पाहावे आणि लिहावे. तसे झाले तर आयोजकही माईक निवडताना छायाचित्रकाराआधी गायिकेला विचारतील.