नेतृत्वाची कसोटी : ‘रानडे, गांधी आणि जिना’ची चिकित्सा

न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले व्याख्यान वरवर गौरवपर, पण मूलतः नेतृत्वाची चिकित्सा करणारे आहे. कार्लाईलची प्रामाणिकपणाची कसोटी बाबासाहेब स्वीकारतात; मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. प्रामाणिकपणाला बुद्धीची जोड हवी आणि दोहोंमागे सामाजिक ध्येयाची प्रेरणा हवी, असे ते बजावतात. म्हणूनच अहंभावाने ग्रासलेल्या गांधी-जिनांपेक्षा समाजसुधारणेस प्राधान्य देणारे रानडे त्यांना मोठे वाटतात.

या व्याख्यानात विभूतिपूजेचा निषेध आहे. परंतु अनुयायांची जबाबदारी अधिक स्पष्ट होते ती २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा तो इशारा होय.

तो आपण किती पाळला? बुलढाणा लोकसभा मतदारसंघ १९७७ ते २००४ च्या निवडणुकांत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. १९७७ मध्ये दौलत गुणाजी गवई येथून निवडून आले, ते रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटातर्फे. १९५७ साली तत्त्वावर उभा राहिलेला पक्ष वीस वर्षांत व्यक्तींच्या नावांनी ओळखला जाऊ लागला होता. हा दोष केवळ नेत्यांचा नव्हे. गटाचे नाव मिरवणाऱ्या अनुयायांचाही आहे. राखीव जागा प्रतिनिधित्व देते, नेतृत्व नव्हे.

तथागतांनी वारस नेमला नाही. धम्मालाच मार्गदाता ठरविले. आपल्या पश्चातही कार्य चालावे म्हणून नेत्याने काय उभारले, हा प्रश्न जिल्ह्यातील प्रत्येक विहारात विचारला गेला पाहिजे.