पूर्वग्रहाविना अध्ययन? ‘अल्फागो झिरो’च्या दाव्याची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत ‘पूर्वग्रह’ हा शब्द बहुधा दोषदर्शक अर्थाने योजला जातो. अध्ययनाच्या संगणकीय सिद्धांतात मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे. उदाहरणे पाहण्यापूर्वीच एका प्रकारच्या निष्कर्षास दुसऱ्यापेक्षा दिलेले प्राधान्य म्हणजे पूर्वग्रह होय. डेव्हिड सिल्व्हर व त्यांचे डीपमाइंडमधील सहकारी यांचा ‘अल्फागो झिरो’विषयीचा शोधनिबंध ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी ज्ञानाविना ‘गो’ या खेळावर प्रभुत्व मिळविल्याचा दावा त्याच्या शीर्षकातच आहे. हा दावा कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वग्रहाची अपरिहार्यता

पूर्वग्रहाविना सामान्यीकरण शक्य नाही, हे टॉम मिचेल यांनी १९८० मध्येच दाखवून दिले होते. एक साधे उदाहरण घेता येईल. आंबा गोड आहे की नाही, हे रंग, वास व मऊपणा या तीन ‘होय-नाही’ स्वरूपाच्या गुणांवरून ओळखायचे आहे. गुणांच्या ८ जुळण्या संभवतात. त्यांपैकी ५ जुळण्यांचे आंबे चाखले, तरी त्या अनुभवाशी सुसंगत असे ८ नियम शिल्लक राहतात. न चाखलेली कोणतीही जुळणी घेतली, तर ४ नियम तिला गोड ठरवितात आणि ४ तसे ठरवीत नाहीत. अनुभव येथे मौन पाळतो. निवड करावी लागते ती पूर्वग्रहाच्याच आधारे.

‘झिरो’मधील संचित

अल्फागो झिरोने मानवी डाव न अभ्यासता स्वतःशीच सुमारे ४९ लाख डाव खेळून तीन दिवसांत ली सेडॉल यांना हरविणाऱ्या आवृत्तीचा १००-० असा पराभव केला. हे यश निर्विवाद आहे. परंतु खेळाचे संपूर्ण नियम, गुणांकनाची पद्धत, १९ × १९ छेदबिंदूंच्या पटाशी जुळणारी न्यूरल नेटवर्कची रचना आणि पट फिरविला वा उलटविला तरी डावाचे मूल्य बदलत नाही हे ज्ञान, या गोष्टी प्रणालीस आधीच पुरविल्या होत्या. त्यांची नोंद खुद्द निबंधाच्या पद्धतिविषयक भागात आहे. म्हणजेच शीर्षक जे नाकारते, ते तपशील मान्य करतो. शिवाय संभाव्य चालींचा वृक्षरूप शोध घेणारी पद्धतही मानवी संशोधनाचेच फलित होती. गॅरी मार्कस यांनी २०१८ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले.

आक्षेप व उत्तर

यावर असा आक्षेप संभवतो की, हे पूर्वग्रह पुढे क्रमाने कमी होत गेले. २०१८ च्या ‘अल्फाझिरो’ने सममितीचा आधार सोडला. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘म्यूझिरो’स तर खेळाचे नियमही सांगितले नव्हते. आक्षेपात तथ्य आहे. तथापि वृक्षरूप शोध कायम राहिला आणि जय-पराजयाचा अचूक निवाडाही बाहेरूनच मिळत राहिला.

२०२० मध्येच गूगलच्या संशोधकांनी मांडलेले ‘व्हिजन ट्रान्सफॉर्मर’ याबाबत उद्बोधक ठरते. त्यात चित्रातील शेजारच्या बिंदूंना महत्त्व देणारा कन्व्होल्युशनचा पूर्वग्रह बराचसा वगळला होता. सुमारे १३ लाख चित्रांवर ही रचना जुन्या रचनेहून उणी ठरली. १ कोटी ४० लाख ते ३० कोटी चित्रांवर मात्र ती वरचढ ठरली. यावरून पूर्वग्रह सोडण्याची किंमत उदाहरणांच्या संख्येत मोजावी लागते, असे म्हणता येते. पटावरील खेळात लाखो डाव यंत्रच निर्माण करू शकते. रुग्णनिदानासारख्या क्षेत्रात, विशेषतः दुर्मीळ आजारांबाबत, ती सोय नसते.

समारोप

अल्फागो झिरोने मानवी डावांची अनावश्यकता सिद्ध केली. मानवी ज्ञानाची नव्हे. या दोहोंतील भेद पुसला गेल्यास यशाचे श्रेय केवळ अनुभवास दिले जाते आणि तेच तंत्र उदाहरणे मोजकी असलेल्या क्षेत्रांतही तसेच चालेल, असा भ्रम निर्माण होतो. म्हणून पूर्वग्रह आहे की नाही, हा प्रश्नच गैरलागू होय. तो कोणता आहे, कोठून आला आणि कोणत्या परिस्थितीत उपकारक ठरतो, हे शीर्षकापासूनच स्पष्ट असणे शास्त्रीय प्रामाणिकपणास धरून होईल.