जुन्या संगणकाची नक्कल : चिपमध्ये की आज्ञावलीत?

घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीतील यंत्रे पुन्हा विकत मिळू लागली आहेत. मूळ यंत्रे नव्हेत, त्यांच्या नव्याने घडवलेल्या प्रतिकृती. शौकिनांच्या चर्चेत त्यांच्याविषयी एक मत हमखास ऐकू येते : आज्ञावलीने केलेली ती नक्कल, आणि चिपमध्ये उतरवलेले ते खरे यंत्र. पण 'खरे' म्हणजे काय? विज्ञान शिकवणाऱ्यांनी हा प्रश्न जरूर विचारावा. आपणही वर्गात रोज मूळ वस्तूऐवजी तिचे प्रतिरूप दाखवत असतो.

उदाहरणादाखल सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम घेऊ. एप्रिल १९८२ मध्ये तो ब्रिटनमध्ये बाजारात आला. साडेतीन मेगाहर्ट्झ वेगाचा झेड-८०ए प्रोसेसर, १६ किलोबाइट रॉम, १६ किंवा ४८ किलोबाइट रॅम, पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि आज्ञावली साठवायला साधी कॅसेट. याखेरीज त्यात फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए नावाची एक खास चिप होती. पडदा, कळफलक, आवाज, कॅसेट, सगळे तिच्याकडे. नक्कल करणाऱ्यांची खरी परीक्षा होते ती इथेच.

यूएलए पडद्यावर चित्र काढते तेव्हा तिला रॅमच्या पहिल्या १६ किलोबाइटमधून सतत वाचावे लागते. त्याच वेळी प्रोसेसरलाही तिथेच काम निघाले, तर यूएलए त्याचे घड्याळ चक्क थांबवून धरते. त्यामुळे तीच आज्ञावली रॅमच्या एका भागात हळू चालते, दुसऱ्या भागात वेगाने. चित्राच्या एका ओळीला घड्याळाचे २२४ ठोके, अशा ३१२ ओळी, म्हणजे एका चित्राला ६९,८८८ ठोके. आणि सेकंदाला अशी सुमारे ५० चित्रे. त्या काळचे आज्ञावलीकार हे ठोके मोजून काम करत. म्हणून नक्कल ठोक्याला ठोका जुळणारी हवी.

आता दोन प्रतिकृती शेजारी ठेवून पाहू. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'द स्पेक्ट्रम'चा बाह्यावतार हुबेहूब आहे, रबरी बटणांसकट. आत मात्र आधुनिक प्रोसेसर आहे आणि त्यावर एम्युलेटर, म्हणजे नकलाकार आज्ञावली, चालते. कॅसेट जोडायला जागाच नाही. दुसरी 'स्पेक्ट्रम नेक्स्ट'. तिच्यासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणी सुरू झाली आणि २०२० मध्ये यंत्रे घरोघर पोचू लागली. तिचे कवच मूळ स्पेक्ट्रमचे कवच घडवणाऱ्या रिक डिकिन्सन यांनीच आखले होते. यंत्र लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच, २०१८ मध्ये, ते वारले. ती मूळ यंत्रासारखी हुबेहूब दिसत नाही, पण तिच्यात आज्ञावलीची नक्कल नसून एफपीजीए आहे. दिसायला मूळ ते आतून आज्ञावली, आणि आतून हार्डवेअर ते दिसायला वेगळे, अशी ही गंमत.

एफपीजीए ही एक कोरी चिप असते. तिच्यात हजारो छोटे तर्कघटक असतात आणि त्यांची आपसांतली जोडणी नंतर ठरवता येते. जोडणीचे वर्णन कोणीतरी एका खास भाषेत लिहितो आणि त्यानुसार चिप कधी स्पेक्ट्रम बनते, कधी कमोडोर ६४. मूळ यंत्राप्रमाणे तिचे सर्व भाग एकाच वेळी काम करतात. एम्युलेटर मात्र आधी प्रोसेसरचे थोडे काम, मग पडद्याचे, मग आवाजाचे, असे आळीपाळीने उरकतो. हा फरक खराच आहे.

पण ते वर्णन लिहिणारा माणूस ते कशावरून लिहितो? मूळ यंत्र कसे चालते, याची त्याला जेवढी समज असेल तेवढ्यावरून. एम्युलेटर लिहिणाऱ्याचेही तेच. समज चुकली तर चिपही चुकेल आणि आज्ञावलीही. यूएलएबाबत पुष्कळ धुके होते. क्रिस स्मिथ यांनी चिपची आतली रचना तपासून २०१० मध्ये तिच्यावर आख्खे पुस्तक लिहिले, तेव्हा ते बरेचसे निवळले. त्याचा लाभ दोन्ही पंथांना झाला.

'आर्कनॉइड' या खेळाचा दाखला तर फारच बोलका आहे. कोणतेही उपकरण जोडलेले नाही अशा पोर्टवरून मूळ स्पेक्ट्रममध्ये वाचन केले, तर यूएलएने चित्रासाठी त्या क्षणी मागवलेला बाइट हाती लागतो. आखणी करणाऱ्यांनी हे मुद्दाम केले नव्हते, पण चित्र कुठवर आले आहे हे ओळखायला या खेळाने त्याचा उपयोग करून घेतला. १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेतला आणि १९८७ मध्ये 'स्पेक्ट्रम +३' काढला. त्यात अशा वाचनाला कायम २५५ हेच उत्तर येते, आणि आर्कनॉइड चालत नाही. म्हणजे हक्कदार कंपनीने बनवलेले, अस्सल हार्डवेअर असलेले यंत्र इथे नापास, आणि फुकट मिळणारा चांगला एम्युलेटर पास!

याहून पुढचे उदाहरण ६५०२ या प्रोसेसरचे. १९८४ पासून आपल्याकडे 'क्लास' प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. अनुभवी शिक्षकांना ते आठवत असतील. त्यांत हा ६५०२ होता. 'व्हिज्युअल ६५०२' या प्रकल्पातल्या मंडळींनी या चिपची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेतली, त्यांवरून सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांची जोडणी शोधली आणि २०१० मध्ये तिची आज्ञावली केली. ती मूळ चिपच्या कितीतरी पट मंद चालते, पण मूळ रचनेशी तिचे इमान असे, की सर्वसाधारण एफपीजीए नक्कल तिच्या जवळपासही येत नाही. आणि ती शुद्ध सॉफ्टवेअर आहे.

मग एफपीजीए व्यर्थ का? मुळीच नाही. एम्युलेटर बहुधा एक संपूर्ण चित्र तयार करून मगच ते पडद्याकडे धाडतो. तिथेच वीस मिलिसेकंद गेले, आणि आजचे संगणक व पडदे त्यात आपली भर घालतात. बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांतले हे अंतर खेळणाऱ्याच्या बोटांना कळते. शिवाय नेक्स्टला जुना कॅसेट प्लेअर जोडता येतो, मागे विस्तारासाठी पोर्ट आहे. तारेतून येणाऱ्या खऱ्या विद्युत्संकेताला वेळेवर उत्तर देणे यात तिचा हात धरणे कठीण. मला एफपीजीएचे खरे मोल इथे वाटते. 'अस्सलपणा' हा शब्द त्यासाठी खर्च करण्याचे कारण नाही. बाकी मूळ सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होणारच : झायलॉगने स्वतंत्र झेड-८० चिपचे उत्पादन थांबवत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले.

शाळेने मात्र पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. एम्युलेटरला मध्येच थांबवता येते, रॅममधला प्रत्येक बाइट पाहता येतो, एकेक आज्ञा चालवून काय बदलले ते तपासता येते. खुद्द मूळ यंत्रातही ही सोय नव्हती. बीबीसीने २०१८ मध्ये आपल्या संगणक साक्षरता प्रकल्पाचा संग्रह खुला केला, तेव्हा त्यातल्या दीडशेहून अधिक आज्ञावल्या ब्राउझरमध्येच चालतील अशी सोय केली. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही वाट मला अधिक उपयोगी वाटते.

नक्कल कितपत चोख आहे हे विद्यार्थी स्वतः तपासू शकतात. एम्युलेटरमध्ये ४८ किलोबाइटचा स्पेक्ट्रम निवडा आणि बेसिकमध्ये 'क्लिअर २९९९९' ही आज्ञा द्या. मग 'पोक' वापरून ४०००० या पत्त्यापासून हे नऊ अंक ओळीने भरा : १, ०, ०, ११, १२०, १७७, ३२, २५१, २०१. ही ६५,५३६ पासून शून्यापर्यंत उलटी मोजणी आहे. २३६७२ या पत्त्यावर दर चित्रागणिक एकाने वाढणारा आकडा असतो. तो 'पीक'ने वाचा, 'यूएसआर ४००००'ने मोजणी चालवा आणि लगेच पुन्हा वाचा. हे सारे एकाच ओळीत लिहावे, म्हणजे टंकनाचा वेळ मध्ये येणार नाही. वजाबाकी सुमारे २५ यावी. ऋण आली तर २५६ मिळवा. मग तेच नऊ अंक ३०००० पासून भरून हाच प्रयोग करा. हा पत्ता यूएलएच्या वाट्याच्या रॅममध्ये येतो, त्यामुळे आकडा ठळकपणे वाढायला हवा. दोन्हीकडे सारखाच आला, तर त्या नकलाकाराने यूएलएकडे दुर्लक्ष केले आहे असे समजावे. कोणाकडे नेक्स्ट असेल तर तिच्यावरही करून पाहावा, फक्त वेग साडेतीन मेगाहर्ट्झवर ठेवून.