तंबोऱ्याची जवारी आणि गिटारचा व्हॉल्व्ह

मंडळी, साताऱ्याच्या एका श्रोत्याने बांधलेला व्हॉल्व्हचा प्रीॲम्प आम्ही गेल्या महिन्यात सांगलीत ऐकला. १२एएक्स७चे तीन टप्पे एकामागे एक. एकेरी सूर झकास. पूर्ण कॉर्ड वाजवली की चिखल. त्याने तो विकायला काढलाय.

आता जरा शेजारी मिरजेला जाऊ. तिथले कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे घोडीचा माथा कानशीने घासून असा किंचित उतरता करतात की थरथरणारी तार त्याला चाटत राहते. मग दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. तारेच्या मूळ कंपनात जे स्वरांश दुबळे, ते या स्पर्शाने उमलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर लिहिलं. तर आवाज मुद्दाम 'बिघडवणं' आपल्याकडे जुनंच आहे!

पण मिरजेत प्रत्येक तारेची जवारी वेगळी. गिटारच्या सहा तारा एकाच व्हॉल्व्हमधून जातात. सिग्नल कापला गेला की सुरांच्या बेरजा-वजाबाक्याही तयार होतात, आणि त्या बऱ्याचदा कॉर्डमध्ये बसत नाहीत. 'व्हॉल्व्ह म्हणजे ऊब' हे म्हणून अर्धंच खरं. आवाज फाटण्याआधी खर्ज किती सोडला, तिथे सगळं ठरतं.

या श्रोत्याने पहिल्या टप्प्यात प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम आणि त्यावर २५ मायक्रोफॅरड लावला होता. म्हणजे खर्जासकट सगळंच साठेक पट. आम्ही तिथे ०.६८ लावायला सांगितला. (तीनशे व्होल्टचा मामला, बंद केल्यावरही कपॅसिटर रिकामे केल्याशिवाय हात घालू नका.) आता सर्वांत जाड तारेच्या ८२ हर्ट्झला सुमारे ३५ पट, वर चढत साठ.

कॉर्ड उलगडली. दुसऱ्या टप्प्याचा १० किलोओहमचा कॅथोड मात्र आम्हाला अजून खटकतो. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद अवस्थेत बसतो, लाटेची एक बाजू कचकन तुटते. झणझणीत रिफला ते शोभतं. हा मुलगा ब्लूज वाजवतो. तिथे २.७ लावून ऐक, असं त्याला कळवलंय.