पाचवे पाऊल

गेल्या वैशाखात जळगावास एका लग्नाच्या पंगतीत धुळ्याचे एक वृद्ध गुरुजी आमच्या शेजारी बसले होते. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी पानावर आली, तरी त्यांचे चित्त जेवणात नव्हते. अखेर हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "सर, अंतरपाटाच्या दोन्ही अंगांना मुलीच उभ्या असल्या, तर उपाध्यायाने काय म्हणावे?" आम्हांस ही थट्टा वाटली. परंतु त्यांच्या पुतण्याची मुलगी पुण्यास मैत्रिणीसह संसार करते, आणि 'आजोबा, आमचे लग्न तुम्हीच लावा' असा तिचा हट्ट आहे, हे कळल्यावर आम्ही गप्प झालो.

टीकाकारास अडचणीच्या वेळी ग्रंथांच्या आडोशास जाण्याची सवय असते. घरी येऊन आम्ही दोन इंग्रजी पुस्तके पुन्हा काढली. पहिले गणितपंडिता शकुंतला देवी यांचे १९७७ मधील, समलिंगी जनांविषयीचे. त्यात श्रीरंगमच्या मंदिरातील एक विद्वान पुरोहित म्हणतात की, असे प्रेमिक पूर्वजन्मी स्त्री-पुरुष असले पाहिजेत. देह पालटला, ओढ राहिली. दुसरे रूथ वनिता यांचे 'लव्ह्ज राइट' (२००५). त्यात दोन स्त्रियांचा विवाह लावणाऱ्या एका शैव पुरोहिताचे मत आले आहे: विवाह आत्म्यांचा असतो, आणि आत्म्यास लिंग नाही. वनिताबाईंची साधनसामग्री विपुल आहे, विवेचनही सहृदय आहे. पण या दोन साक्षींवर त्यांचा जो लोभ आहे तो आम्हांस पुरता मानवत नाही. एक पुरोहित समोरच्या दोघींना पूर्वजन्मात नेतो, दुसरा देहाबाहेर. पाटावर बसलेल्या त्या दोघी जशा आहेत तशा कोणीच पाहत नाही. शिवाय आत्म्याला सात पावले चालावी लागत नाहीत. ती पायांनीच चालायची असतात.

आणि खरी मेख त्या पावलांतच आहे. आश्वलायन गृह्यसूत्रातील सप्तपदीत पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनासाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी आणि सातवे सख्यासाठी आहे. ज्या विधीचा शेवट सख्यात होतो त्याला दोन सख्यांचे वावडे का असावे? असा युक्तिवाद सोपा आहे, आणि तो आम्ही मोठ्या उत्साहाने गुरुजींना पत्राने कळविला. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले: "सातव्याचे मला ठाऊक आहे. पाचव्याचे काय करू?"

वरील दोन्ही साक्षी या प्रश्नापर्यंत पोहोचतच नाहीत.

धुळ्याच्या माणसाने हा प्रश्न विचारावा यात एक औचित्य आहे. विवाहसंस्थेचा इतिहास लिहिणारे वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच आहे. विवाह हा आकाशातून पडलेला नसून माणसांनी घडविलेला व वेळोवेळी मोडून पुन्हा घडविलेला आचार आहे, हे राजवाड्यांनी जुन्याच ग्रंथांच्या आधारे मांडले. महाभारताच्या आदिपर्वातील श्वेतकेतूची कथा हेच सांगते: आईचा हात परक्याने धरलेला पाहून मुलगा संतापला, बाप म्हणाला हाच सनातन धर्म, आणि मुलाने नवी मर्यादा घातली. पुढे जोतीराव फुल्यांनी १८८७ साली मराठीत नवी मंगलाष्टके रचली. त्यांत वधू मुकाट उभी राहत नाही, स्त्रियांचे हक्क मागते. (आजकाल कार्यालयांतून ध्वनिवर्धकावर जी मंगलाष्टके ऐकू येतात ती ऐकून फुल्यांची आठवण अधिकच येते.)

कायद्याची साथ मात्र गुरुजींना नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरील गुन्ह्याचा डाग पुसला. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने विवाहाची मान्यता देण्याचे नाकारले. म्हणजे गुरुजींनी लावलेल्या लग्नास नोंदवही नाही, वारसा नाही. असलेच तर त्यांच्या शब्दाचे वजन.

आमच्या साहित्याकडूनही त्यांना आधार थोडाच. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली निघाली. दोन्ही कृती मोलाच्या, आणि दोहोंत विरह आहे, लपवाछपवी आहे. असे लग्न लावणाऱ्या उपाध्यायास प्रवेश नाही. प्रस्तुत लेखकाने वर्गात तेंडुलकर अनेकदा शिकविले आणि हे नाटक दरवेळी वगळले, हेही येथे कबूल केले पाहिजे. समोरच्या बाकांवर कोण बसले होते, कोणास ठाऊक.

दिवाळीनंतर गुरुजी जळगावास आले तेव्हा आमच्याकडे उतरले. कन्यादान गाळायचे त्यांनी ठरविले होते. पाचव्या पावलाचे विचारताच म्हणाले, "परवा एका विधुराचे लग्न लावले, वय बासष्ट. नवरी अठ्ठावन्नची. त्यांचे पाचवे पाऊल मी गाळले नाही, आणि कोणी विचारलेही नाही."

मग त्यांनी पिशवीतून वही काढली आणि चष्मा मागितला. स्वतः रचलेल्या पहिल्या मंगलाष्टकात एक मात्रा कमी पडत होती.