खाकी म्हणजे कोणता रंग? संख्यांवरून रंगनाम ठरविण्याच्या पद्धतीची चिकित्सा

संगणकशास्त्राच्या वर्गांत एक स्वाध्याय वारंवार दिला जातो. लाल, हिरवा व निळा या घटकांची ० ते २५५ मधील मूल्ये घ्यावीत आणि प्रोग्रामने रंगाचे नाव सांगावे. रीत अशी की यादीतील प्रत्येक रंगाशी तिन्ही घटकांचा फरक काढून त्यांच्या वर्गांची बेरीज करावयाची. जेथे बेरीज सर्वांत कमी, ते नाव. गणित निर्दोष आहे. आक्षेप यादीवर आहे.

वेबपानांसाठी जी यादी रूढ आहे तीत ‘खाकी’चे मूल्य (२४०, २३०, १४०) दिले आहे. हा फिकट पिवळा झाला. खाक म्हणजे धूळ, माती. फारसी-उर्दूतून आलेला हा शब्द मराठीत गणवेशाच्या मळकट रंगासाठी रुळला आहे. आता धुळीसारखा (१९५, १७६, १४५) हा नमुना प्रोग्रामला द्यावा. खाकीशी बेरीज ४९६६ येते, ‘टॅन’शी (२१०, १८०, १४०) अवघी २६६. उत्तर मिळते टॅन, म्हणजे कमावलेल्या कातड्याचा रंग! डोळ्यांच्या संवेदनेशी अधिक जुळणारी १९७६ ची सीआयई लॅब पद्धत वापरली तरी उत्तर तेच राहते. ‘ॲझ्युर’ची गत याहून वाईट. त्याचे मूळ लाजवर्द या गडद निळ्या दगडाच्या नावात. यादीत मात्र तो (२४०, २५५, २५५), जवळजवळ पांढरा.

या यादीला इतिहास आहे, योजना नाही. एक्स-११ या प्रणालीत राखाडी १९० व गडद राखाडी १६९ होता. १९९७ च्या एचटीएमएलमधील १६ नावांत राखाडी १२८ ठरला. पुढे दोन्ही याद्या एकत्र झाल्या आणि ‘गडद राखाडी’ हा साध्या राखाडीहून उजळ होऊन बसला.

शिवाय नाव हा बिंदू नव्हे, प्रदेश असतो. २०१० मध्ये रँडल मन्रो यांनी दोन लाखांवर लोकांकडून रंगांची नावे मागविली, तेव्हा एकेका नावाखाली विखुरलेले रंग आले. तीच दिशा योग्य वाटते, जरी ती नावे इंग्रजी होती. अस्मानी, फिरोजी, किरमिजी, आमसुली, मोरपंखी हे शब्द आपले विद्यार्थी घरी ऐकतात. त्यांनी प्रत्येक शब्दासाठी अनेकांकडून नमुने जमवावेत, सीमा कोठे एकमेकींत मिसळतात ते पाहावे आणि मग प्रोग्राम लिहावा. विद्यार्थ्याने खाकी म्हटले व यंत्राने टॅन म्हटले, तर त्याचे गुण कापण्याचे कारण नाही.